पोलर एच१० छातीपट्टा: ठोके अचूक मिळतात, सुरक्षित मर्यादा मात्र आपणच भरायची

व्यायाम करताना हृदयाचे ठोके किती असावेत, हा प्रश्न काहींसाठी नुसत्या कुतूहलाचा असतो, तर काहींसाठी फार गरजेचा. पन्नाशीनंतर पहिल्यांदाच धावायला लागलेले, बायपास किंवा अँजिओप्लास्टीनंतर पुन्हा चालायला लागलेले, किंवा डॉक्टरांनी 'याच्या वर जाऊ नका' म्हणून एक आकडा हातात दिलेले लोक या दुसऱ्या गटात येतात. अशांनी मनगटी घड्याळावर विसंबून न राहता छातीला बांधायचा पट्टा घ्यावा, असं माझं ठाम मत आहे. सध्या मिळणाऱ्या पट्ट्यांमध्ये पोलरचा एच१० पहिल्या पसंतीचा वाटतो. पण यातून मिळतो तो फक्त ठोक्यांचा आकडा. तो आकडा तुमच्यासाठी सुरक्षित आहे की नाही, हे पट्ट्याला कळत नाही. सोबतचं ॲप जे रंगीत झोन, म्हणजे ठोक्यांचे टप्पे, दाखवतं, ते वयावरून काढलेल्या एका ढोबळ अंदाजावर उभे असतात. त्यामुळे या परीक्षणाचा निम्मा भाग पट्ट्याबद्दल आहे आणि निम्मा त्यात भरायच्या आकड्यांबद्दल.

आधी वस्तू. पोलर ही फिनलंडची कंपनी १९७७ मध्ये सुरू झाली. खेळाडूंना वापरता येईल असं बिनतारी हृदयगती मोजणारं यंत्र तिनेच १९८२ मध्ये बाजारात आणलं. एच१० चे दोन भाग आहेत. एक लवचीक कापडी पट्टा, ज्याच्या आतल्या बाजूला दोन गुळगुळीत, किंचित रबरी वाटणारे इलेक्ट्रोड, म्हणजे कातडीवरचा विद्युत संदेश टिपणारे भाग, आहेत. दुसरा भाग म्हणजे पट्ट्यावर दोन टिचबटणांनी बसणारा छोटा सेन्सर. बटणं लावताना दोन्ही बाजूंनी 'टक्' असा आवाज आला पाहिजे. एकच बाजू बसली तर सेन्सर चालूच होत नाही आणि माणूस उगाच ब्लूटूथला दोष देत बसतो. पट्ट्याच्या आतल्या बाजूला सिलिकॉनचे ठिपके आहेत. घाम आल्यावर पट्टा खाली घसरू नये म्हणून ते दिलेले आहेत आणि धावताना त्यांचा उपयोग खरोखर जाणवतो.

हृदयाच्या प्रत्येक ठोक्याला एक सूक्ष्म विद्युत संदेश कातडीपर्यंत पोचतो. ईसीजीत जी उंच टोकदार रेघ दिसते, तीच हा पट्टा पकडतो आणि दोन टोकांमधला वेळ मोजतो. मनगटी घड्याळाची पद्धत वेगळी आहे. ते कातडीवर हिरवा प्रकाश टाकतं, रक्ताच्या लाटेबरोबर परत येणारा प्रकाश कमीजास्त होतो, आणि त्यावरून ठोके ओळखले जातात. शांत बसलेल्या माणसाच्या बाबतीत दोन्ही पद्धतींचे आकडे जवळजवळ सारखेच येतात. फरक पडतो तो हात हलायला लागल्यावर. धावताना हाताच्या झोक्याने प्रकाशातही एक नियमित चढउतार तयार होतो आणि घड्याळ कधीकधी त्यालाच नाडी समजतं. बरेच जण मिनिटाला १६० ते १८० पावलं टाकत धावतात. घड्याळ पावलांना चिकटलं की प्रत्यक्षात १३५ ठोके असताना १७० दाखवतं. उलटंही घडतं. हृदय खरोखर १७० वर असतं आणि घड्याळ १४० वर अडकलेलं असतं. मर्यादा पाळणाऱ्या माणसासाठी ही दुसरी चूक धोक्याची. थंडीत मनगटाचा रक्तपुरवठा कमी होतो, गोंदण असलेल्या जागी प्रकाश अडतो, पट्टा सैल असला तर बाहेरचा उजेड आत शिरतो. वजन उचलताना मूठ आवळली की मनगटाचे स्नायू ताणले जातात आणि तिथेही आकडा बिघडतो. छातीच्या पट्ट्याला यातली एकही अडचण येत नाही.

त्याच्या स्वतःच्या अडचणी मात्र आहेत, आणि बहुतेक तक्रारींचं मूळ एकच असतं: कोरडे इलेक्ट्रोड. कोरडी कातडी आणि कोरडं रबर यांच्यामधून संदेश नीट जात नाही, मग पहिली पाचसात मिनिटं आकडा एकदम २१० वर उडतो, खाली ६० वर येतो, मधेच गायब होतो. घाम आला की सगळं आपोआप सुरळीत होतं, म्हणून लोकांना वाटतं सेन्सर 'गरम व्हायला' वेळ घेतो. तसं काही नसतं. बांधण्याआधी दोन्ही इलेक्ट्रोड वाहत्या पाण्याखाली धरून चांगले ओले करायचे. नुसतं बोटाने पुसल्यासारखं केलेलं पुरत नाही. ईसीजीचं जेल असेल तर फारच उत्तम, विशेषतः थंड आणि कोरड्या हवेत. पट्टा छातीच्या स्नायूंच्या लगेच खाली, बरगड्यांवर बसला पाहिजे. स्त्रियांनी तो ब्राच्या खालच्या पट्टीच्या लगेच खाली किंवा त्या पट्टीच्या आत घ्यावा, पण इलेक्ट्रोड आणि कातडी यांच्यामध्ये कापड येता कामा नये. पोलरची खूण समोर आणि सुलट दिसायला हवी. घट्टपणा इतका, की दीर्घ श्वास घेताना अडथळा वाटू नये पण उडी मारली तर पट्टा जागचा हलू नये. तो दोन मापांत मिळतो, एक्सएस-एस आणि एम-डबलएक्सएल. दोन्हींच्या सीमेवर असलात तर लहान माप घ्या. मोठा पट्टा शेवटच्या टोकापर्यंत आवळूनही सैलच राहिला तर पुढच्या सगळ्या कटकटी तिथूनच सुरू होतात.

इलेक्ट्रोडच्या जागी मॉइश्चरायझर किंवा तेल लावलेलं असेल तर ते पुसून टाका. छातीवर दाट केस असतील तर जास्त पाणी लागतं. सायकलवर वाऱ्याने फडफडणारा सिंथेटिक शर्ट असेल तर स्थिर विजेमुळे मधेच २२० सारखे आकडे दिसू शकतात. अंगाला बसणारा शर्ट घातला किंवा शर्ट छातीवर थोडा ओला केला की ते थांबतं.

आता हृदयाच्या खऱ्या दोषातला आणि पट्ट्याच्या दोषातला फरक कसा ओळखायचा, हे नीट समजून घ्यायला हवं. निरोगी हृदयाची गती व्यायाम सुरू केल्यावर चढत जाते, एका सेकंदात ४० ठोक्यांनी उडी मारत नाही. सुरुवातीलाच असा उड्या मारणारा आलेख दिसला तर तो पट्टा. पण अंग घामाने ओलं झालं आहे, पट्टा जागेवर आहे, गती इतका वेळ स्थिर होती, आणि मग एकाएकी १३० वरून १९० वर जाऊन तिथेच टिकून राहिली, तर थांबा आणि दोन बोटं मनगटाच्या आतल्या बाजूला, अंगठ्याच्या मुळाखाली ठेवून नाडी बघा. बोटांना हळू आणि नियमित नाडी लागली तर दोष पट्ट्याचा. नाडीही तितकीच वेगवान किंवा वेडीवाकडी लागत असेल, छातीत धडधड, चक्कर किंवा दम जाणवत असेल, तर त्या दिवशीचा व्यायाम संपला. आलेख जपून ठेवा आणि डॉक्टरांना दाखवा. छातीत दुखणं, जबडा किंवा हाताकडे जाणारी कळ, घेरी, थंड घाम यांपैकी काहीही झालं तर स्क्रीनवर कितीही निवांत आकडा असो, लगेच वैद्यकीय मदत मागवायची.

पट्ट्याला स्वतःचा पडदा नाही. आकडा बघायला फोन, घड्याळ, सायकलचा कॉम्प्युटर किंवा जिममधलं यंत्र लागतं. एच१० एकाच वेळी ब्लूटूथ, एएनटी प्लस (व्यायामाच्या साधनांमधली बिनतारी जोडणी) आणि ५ किलोहर्ट्झ (कमी वारंवारतेचा जुना बिनतारी संदेश) अशा तिन्ही मार्गांनी संदेश पाठवतो, त्यामुळे जवळजवळ कुठल्याही कंपनीच्या घड्याळाशी जोडता येतो. ब्लूटूथवर दोन साधनं एका वेळी चालतात, म्हणजे आकडा घड्याळावर बघत असतानाच नोंद फोनमध्येही होते. पोलरच्या ॲपमधून सुरू केलं तर एका सत्राची नोंद सेन्सरच्या स्वतःच्या स्मृतीत राहते, फोन जवळ बाळगावा लागत नाही. पोहताना ब्लूटूथ पाण्यातून जात नाही, पण ५ किलोहर्ट्झचा संदेश जातो, अर्थात तो पकडणारं घड्याळ असेल तरच. सेन्सर ३० मीटरपर्यंत जलरोधक आहे.

इथवर पट्ट्याला पैकीच्या पैकी गुण देता येतात. पण फोनवर ॲप उघडलं, वय ४५ टाकलं, की पडद्यावर पाच झोन दिसतात आणि खरी गडबड तिथे सुरू होते.

ॲप २२० मधून वय वजा करतं आणि १७५ ही तुमची कमाल गती धरतं. मग ५० ते ६० टक्के पहिला झोन, ६० ते ७० दुसरा, असं करत ९० ते १०० टक्के पाचवा. म्हणजे १५७ च्या वर गेलात की तुम्ही लाल पट्टीत. २२० वजा वय हे सूत्र १९७१ च्या सुमाराचं. अनेक लोकांच्या उपलब्ध नोंदींवरून काढलेली ती एक सरळ रेघ आहे, आणि प्रत्यक्ष माणसाची कमाल गती त्या रेघेपासून दोन्ही बाजूंना १० ते १२ ठोक्यांनी सहज हलते. हा प्रमाण विचलनाचा आकडा आहे, म्हणजे साधारण दर तिघांत एकाची चूक याहून मोठी असते. पंचेचाळिशीतल्या एका माणसाची खरी कमाल १९० असू शकते, दुसऱ्याची १६०, आणि दोघेही निरोगी. पहिल्यासाठी १५७ म्हणजे कमालीच्या ८३ टक्के, जोरकस पण झेपणारा व्यायाम. दुसऱ्यासाठी तेच १५७ म्हणजे ९८ टक्के, अगदी शेवटचा टप्पा. पडदा दोघांना एकच रंग दाखवतो.

२००१ मध्ये संशोधक तनाका आणि सहकाऱ्यांनी दिलेलं सूत्र थोडं बरं आहे: वयाला ०.७ ने गुणा आणि २०८ मधून वजा करा. चाळिशीत दोन्ही सूत्रं १८० वर मिळतात. त्याआधी जुनं सूत्र जास्त आकडा देतं, त्यानंतर कमी. साठीला जुनं १६० म्हणतं, तनाका १६६. स्त्रियांसाठी २०१० मध्ये गुलाटी यांनी वेगळं सूत्र मांडलं: २०६ वजा ०.८८ गुणिले वय. साठीच्या स्त्रीसाठी ते सुमारे १५३ येतं. एकाच व्यक्तीसाठी तीन सूत्रं १५३, १६० आणि १६६ असे आकडे देतात, यावरूनच कळावं की सूत्र हा फक्त सुरुवातीचा अंदाज आहे. ज्यांना खरा आकडा हवा आहे, त्यांनी ट्रेडमिलवरची स्ट्रेस टेस्ट डॉक्टरांच्या देखरेखीखाली करावी. मधुमेह, उच्च रक्तदाब, धूम्रपान, घरात लवकर झालेला हृदयविकार, किंवा बरीच वर्षं बैठं आयुष्य असलेल्यांनी एकट्याने जीव तोडून धावून कमाल गती शोधायच्या भानगडीत पडू नये.

दुसरी त्रुटी अधिक सूक्ष्म आहे. कमाल गतीची नुसती टक्केवारी काढली तर विश्रांतीची गती हिशेबातून वगळली जाते. आपलं हृदय शून्यावरून धावायला लागत नाही, ते ५२, ६८ किंवा ८४ वरून लागतं. १९५७ मध्ये संशोधक कार्व्होनेन यांनी यावर सोपा उपाय दिला. कमाल गतीतून विश्रांतीची गती वजा करा. जे उरतं ती तुमची राखीव गती. तिची टक्केवारी काढा आणि विश्रांतीची गती परत मिळवा. मध्यम व्यायामासाठी राखीव गतीच्या ४० ते ५९ टक्के धरतात, जोरकस व्यायामासाठी ६० ते ८९.

वय ४५, कमाल १७५, विश्रांतीची गती ६८ असं धरू. राखीव गती १०७. तिच्या ४० टक्के म्हणजे ४३, अधिक ६८, झाले १११. ५९ टक्के म्हणजे ६३, अधिक ६८, झाले १३१. म्हणजे मध्यम व्यायामाचा पल्ला १११ ते १३१. आता त्याच वयाची, तीच कमाल असलेली पण विश्रांतीची गती ५२ असलेली व्यक्ती घ्या: तिचा पल्ला १०१ ते १२५. आणि ८४ असलेल्या व्यक्तीचा १२० ते १३८. नुसत्या कमाल गतीच्या ५० ते ७० टक्क्यांनी या तिघांनाही ८८ ते १२२ असा एकच पल्ला मिळाला असता. ८४ विश्रांतीची गती असलेल्या माणसाला ८८ वर 'मध्यम व्यायाम' म्हणणं निरर्थक आहे. खुर्चीतून उठून दारापर्यंत गेला तरी तो तिथे पोचेल.

विश्रांतीची गती मोजायला हाच पट्टा उत्तम. सकाळी जाग आल्यावर, चहाकॉफीआधी, पट्टा बांधून पाच मिनिटं शांत पडून राहा आणि शेवटच्या दोन मिनिटांतली सरासरी बघा. असं तीनचार सकाळी करून सरासरी धरा. ताप, अपुरी झोप, आदल्या रात्रीचं मद्य, पाणी कमी पिणं यांनी हा आकडा चढतो, त्यामुळे असा दिवस सोडून द्या. इथे मनगटी घड्याळही चालतं. झोपेत हात स्थिर असतो, आणि या एका कामासाठी घड्याळ छातीपट्ट्याइतकंच भरवशाचं आहे.

हे आकडे पोलरच्या फ्लो ॲपमध्ये किंवा संकेतस्थळावर प्रोफाइलमधल्या शारीरिक माहितीच्या भागात भरता येतात, आणि झोनच्या सीमाही स्वतः बदलता येतात. ती सोय आहे, हे चांगलं आहे. पण नवीन वापरणाऱ्याला ॲप कुठेही ठळकपणे सांगत नाही की पडद्यावरचा झोन हा अंदाज आहे, आणि या वस्तूबद्दलची माझी सगळ्यात मोठी तक्रार हीच आहे. पट्टा दुसऱ्या कंपनीच्या घड्याळाला जोडला तर झोन त्या घड्याळाच्या हिशेबाने दिसतात, म्हणून तिथलेही तपासा. गार्मिनमध्ये कमाल गतीची टक्केवारी की राखीव गतीची टक्केवारी, हे निवडता येतं. ॲपल वॉचमध्ये वॉचओएस ९ या प्रणालीपासून झोन राखीव गतीवरून आपोआप निघतात आणि हाताने बदलताही येतात.

आकडे भरून झाले की शरीराला विचारून ताळा करायचा. मध्यम व्यायामात माणूस पूर्ण वाक्यं बोलू शकतो, पण गाऊ शकत नाही. जोरकस व्यायामात चारपाच शब्दांनंतर श्वास घ्यावा लागतो. स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ गुन्नार बोर्ग यांनी केलेली श्रमाची पट्टी ६ ते २० अशी आहे. तिच्यावर १२-१३ म्हणजे मध्यम, १४ ते १७ म्हणजे जोरकस. ती ६ पासून सुरू होते कारण निरोगी प्रौढात त्या आकड्याला दहाने गुणलं की साधारण ठोके मिळावेत, अशी तिची रचना आहे. गणित १३१ ही मध्यम व्यायामाची वरची सीमा सांगत असेल आणि १२० वरच तुमचं वाक्य तुटत असेल, तर शरीराचं ऐका आणि सीमा खाली आणा. उलट १३१ वर आरामात गाणं म्हणता येत असेल तर बहुधा तुमची खरी कमाल सूत्रापेक्षा जास्त आहे.

घड्याळाने कोणत्या आकड्याला इशारा द्यावा हे ठरवताना एक गोष्ट लक्षात ठेवा. चढ संपल्यावर किंवा वेग कमी केल्यावरही ठोके काही सेकंद चढत राहतात, आणि पडद्यावरचा आकडा मागच्या काही ठोक्यांची सरासरी असतो. डॉक्टरांनी १३० सांगितले असतील तर घड्याळाचा इशारा १२५ वर ठेवा. उन्हात किंवा दमट हवेत लांब व्यायाम केला तर वेग तोच राहूनही गती हळूहळू १०-१५ ठोक्यांनी वर सरकते. घामाने रक्तातलं पाणी कमी होतं, कातडीकडे जास्त रक्त वळतं, आणि दर ठोक्याला कमी रक्त बाहेर पडल्याने हृदयाला जास्त ठोके मारावे लागतात. अशा वेळी ठोके मर्यादेत ठेवून वेग कमी करायचा. वेग टिकवण्यासाठी मर्यादा ओलांडायची नाही. सायकलवर कमाल गती धावण्यापेक्षा साधारण ५ ते १० ठोक्यांनी कमी असते, पोहताना आणखी कमी, त्यामुळे धावण्याचे झोन तिथे जसेच्या तसे वापरू नका. आणि जड वजनं उचलताना हा पट्टा सुरक्षिततेचं मोजमाप नाही. श्वास रोखून वजन उचललं की रक्तदाब झपाट्याने चढतो, ठोके मात्र तितके वाढत नाहीत.

काही लोकांसाठी ही सगळी सूत्रं बाद आहेत. मेटोप्रोलॉल, ॲटेनोलॉल, बिसोप्रोलॉल, प्रोप्रानोलॉल यांसारखी बीटा ब्लॉकर गटातली औषधं विश्रांतीची आणि कमाल, दोन्ही गती खाली आणतात. डिल्टियाझेम, व्हेरापामिल आणि इव्हाब्रॅडिनही गती कमी करतात. अशी गोळी घेणाऱ्याने २२० वजा वय धरून 'अजून ७० टक्के झाले नाहीत' म्हणत वेग वाढवत नेणं हा पट्ट्याचा सर्वांत धोकादायक गैरवापर आहे. त्यांच्यासाठी मर्यादा स्ट्रेस टेस्टवरून ठरते, तीही औषध नेहमीच्या वेळी आणि नेहमीच्या मात्रेत घेऊन केलेल्या. मात्रा बदलली की आकडाही बदलतो. टेस्टमध्ये हृदयाला रक्त कमी पडल्याच्या खुणा ज्या गतीला दिसल्या, त्याच्या किमान १० ठोके खाली राहायचं असतं. शॉक देणारं यंत्र छातीत बसवलेल्यांनीही ते यंत्र ज्या गतीला सतर्क होतं, तिच्या किमान १० ठोके खालीच राहायचं. ती गती कोणती हे यंत्र बसवणाऱ्या डॉक्टरांकडून लिहून घ्या, आणि पेसमेकर असेल तर पट्टा बांधण्याआधी त्यांची परवानगीही घ्या. एट्रियल फिब्रिलेशन या हृदयाच्या लयीच्या विकारात ठोके मुळातच अनियमित असतात, सरासरीचा आकडा वरखाली होत राहतो. हा विकार असलेल्यांनी बोलण्याची कसोटी आणि बोर्गची पट्टी मुख्य धरावी.

पट्ट्याचा एक उपयोग कमी लोक करतात, तो म्हणजे व्यायाम थांबवल्यानंतरचा. जोरकस व्यायामाच्या शेवटी गती नोंदवा, सावकाश चालत राहा आणि बरोबर एका मिनिटाने पुन्हा बघा. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका महत्त्वाच्या अभ्यासात, पहिल्या मिनिटात घट १२ किंवा त्याहून कमी असलेल्यांमध्ये पुढच्या काळातला मृत्यूचा धोका जास्त आढळला होता. एका दिवसाच्या आकड्यावरून घाबरायचं कारण नाही, पण घट सतत इतकीच राहत असेल तर तपासणीला जाताना ती नोंद सोबत न्यावी. एकदम थांबून उभं राहू नका. पायांत रक्त साचून घेरी येते. शेवटची पाच ते दहा मिनिटं वेग उतरवत आणायची.

पर्यायांबद्दल थोडक्यात. पोलरचाच एच९ मोजणीत मागे नाही. त्यात स्वतःची स्मृती आणि दोन ब्लूटूथ जोडण्या नाहीत, आणि पट्टा साधा आहे. एकाच घड्याळाला जोडून वापरणार असाल तर एच९ पुरेसा आहे. छातीला पट्टा नकोच असेल तर दंडावर किंवा कोपराखाली बांधायचा पोलरचा व्हेरिटी सेन्स बघा. त्याची पद्धत प्रकाशाचीच आहे, पण दंड मनगटाइतका हलत नाही आणि तिथे मांस जास्त असल्याने आकडा स्थिर राहतो. मनगटी घड्याळच वापरायचं असेल तर हाडाच्या वर दोन बोटं सरकवून घट्ट बांधा. ट्रेडमिलच्या दांड्यावर हात ठेवून मिळणारा आकडा मर्यादेसाठी वापरू नका. हात हलला, तळवे कोरडे असले की तो चुकतो, शिवाय दांडा धरल्याने चालही बदलते.

काहीच नसेल तर दोन बोटं आणि सेकंदकाटा. थांबल्या थांबल्या लगेच मोजा, कारण गती पहिल्या काही सेकंदांतच उतरायला लागते. १५ सेकंद मोजून चारने गुणा. १० सेकंद मोजून सहाने गुणलं तर एका ठोक्याची चूक सहाची होते. घड्याळ सुरू करताना जो ठोका लागतो तो शून्य धरायचा, एक नाही. मानेवर मोजायचं असेल तर एकाच बाजूला आणि हलक्या बोटाने. तिथे जोरात दाबलं तर हृदयाची गती प्रतिक्षिप्तपणे उतरते आणि काहींना चक्करही येते.

एच१० ची निगा सोपी आहे पण टाळली तर वर्षभरात पट्टा निकामी होतो. प्रत्येक वापरानंतर सेन्सर काढून पट्टा साध्या पाण्याखाली धुवा. मीठ साचलं की इलेक्ट्रोडची वाहकता जाते. ब्लीच आणि फॅब्रिक सॉफ्टनर वापरू नका, इस्त्री आणि ड्रायर नको. पोहून आल्यावर क्लोरीन लगेच धुऊन काढा. ओल्या पट्ट्याला सेन्सर अडकवून ठेवला तर ओलाव्यामुळे तो चालूच राहतो आणि सेल संपतो. सेल सीआर२०२५ जातीचा आहे आणि साधारण ४०० तास चालतो. मागचं झाकण नाण्याने फिरवून उघडतं. नवीन सेल बसवताना कडेची रबरी रिंग जागेवर आणि स्वच्छ आहे ना बघा. ती दुमडली तर पाणी आत जातं. सेल नवा असूनही भरपूर पाणी लावल्यावर आकडे उड्या मारत असतील, तर सेन्सर बदलायची घाई नको. पट्टा वेगळा विकत मिळतो, आणि बहुतेक वेळा बदलायला लागतो तो पट्टाच.